पापण्या, रिबन आणि कावळ्याचा आवाज

मंडळी, आजचा विषय कार्टूनचा आहे, पण लहान पोरांचा म्हणून हलका समजू नका. आपल्या सोलापुरात कुठल्याही घरात जा, जुळे सोलापूरला जा नाहीतर विडी घरकुलात, पोरगं जेवायला बसलं की समोर मोबाईल आणि त्यात एखादं मांजर, उंदीर, डुक्कर बोलत असतं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड आणि स्क्रीनवर हिंदी, असं आपलं पोर वाढतंय. आणि आईबाप म्हणतात, प्राणीच तर आहेत, माणसं थोडीच आहेत, मारामारी नसली म्हणजे झालं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, प्राणी आहेत म्हणूनच जास्त लक्ष द्या.

का ते सांगते. मी चित्रकला शिकवते. माणूस काढला की तो बाई आहे का पुरुष, कुठल्या वंशाचा, हे आपोआप काहीतरी येतंच. उंदराचं तसं नाही. उंदराच्या तोंडावरून नर का मादी हे तुम्हाला मला ओळखता येत नाही, आणि उंदराला गोरा-काळा वंश तर नसतोच. म्हणजे कार्टूनमधल्या उंदरात जे काही बाईपण, पुरुषपण, परकेपण दिसतं ते कुणीतरी टेबलावर बसून, विचार करून, हाताने घातलेलं असतं.

मिकी आणि मिनी घ्या, दोघं 1928 पासून पडद्यावर आहेत. आजच्या मिनीच्या पापण्या पुसा, रिबन काढा, टाचेचे बूट काढा, काय उरतं? मिकी उरतो! डोरेमॉन जपानचा, तिथंही तेच, बहीण डोरामी आली तर डोक्यावर लाल रिबन घेऊनच आली. म्हणजे मूळ प्राणी तो पुरुष, आणि बाई म्हणजे त्याच्यावर काहीतरी लावायचं. शाळेत पोरांना 'एक ससा काढा' म्हटलं की साधा काढतात, 'मुलगी ससा काढा' म्हटलं की पापण्या, ओठ, फ्रॉक सगळं सुरू, आणि हे मुलीसुद्धा करतात, मला याचं फार वाईट वाटतं.

याच्यापुढची गंमत तर अशी की पुरुषाला हिरो करायचं म्हणून निसर्गसुद्धा बदलतात. 2006 साली 'बार्नयार्ड' नावाचा पिक्चर आला, त्यात हिरो ओटिस नावाचा बैल, आवाज पुरुषाचा, वागणं पुरुषाचं आणि पोटाखाली चक्क कास! आपल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल लांबून ओळखणारी पोरं आहेत, त्यांना विचारा हे काय आहे म्हणून. 2007 च्या 'बी मूव्ही'मध्ये हिरो नर मधमाशी, आणि मध-पराग गोळा करणारी तगडी टोळी पण नरांची. खऱ्या पोळ्यात हे सगळं काम कामकरी माद्या करतात, राखणही त्याच करतात, नराला तर नांगीच नसते. आपल्या पोराला पोळ्यातलं सगळं कष्टाचं काम माद्या करतात हे कळायची केवढी छान संधी होती, ती घालवली.

आणि आता संख्या बघा. कॅथा पॉलिट नावाच्या अमेरिकन लेखिकेनं 1991 साली या प्रकाराला 'स्मर्फेट प्रिन्सिपल' असं नाव दिलं, कार्टूनमधल्या निळ्या बुटक्या स्मर्फांच्या अख्ख्या गावात एकच पोरगी, स्मर्फेट, त्यावरून. पोरांचे गुण वेगवेगळे, कुणी हुशार, कुणी रागीट, कुणी आळशी, आणि पोरीचा गुण एवढाच की ती पोरगी आहे. 2013 ला 'पॉ पट्रोल' आलं, सुरुवातीच्या सहा कुत्र्यांत स्काय एकटी मुलगी आणि ती गुलाबी कपड्यांत. ती हेलिकॉप्टर उडवते हे मला मनापासून आवडतं, पण सहात एकच.

आता वंशाचं. इथं चित्रापेक्षा आवाज जास्त काम करतो, म्हणून जरा नीट ऐका. 'डम्बो' हा 1941 चा सिनेमा, त्यात कावळ्यांची एक टोळी आहे, त्यांचं बोलणं, चालणं, गाणं सगळं अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या स्टेजवरच्या नकलेसारखं. तो सिनेमा बनत होता तेव्हा म्होरक्या कावळ्याचं नाव होतं जिम क्रो. काळ्यांना रेल्वेत वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ ठेवणारे कायदे अमेरिकेत याच नावानं ओळखले जायचे, आणि हे कायदे तेव्हा चालू होते बरं का! म्होरक्याचा आवाज क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या नटाचा. काही जण म्हणतात की डम्बो या हत्तीच्या पिल्लाला उडायला मदत तर कावळेच करतात, आणि ते खरं आहे, मला पण ते कावळे आवडतात. पण आवडतात म्हणून ती नक्कल नक्कल राहत नाही असं होत नाही. 'द अॅरिस्टोकॅट्स'मध्ये, 1970 ला, सयामी मांजर चॉपस्टिकने पियानो वाजवतं आणि मोडकंतोडकं बोलतं, आवाज परत गोऱ्या माणसाचा.

'जंगल बुक' तर आपल्या घरचं आहे. किपलिंगच्या 1894 च्या पुस्तकात वानरांना राजाच नाही, 1967 च्या सिनेमानं त्यांना राजा दिला, तोही ओरांगउटान, जो भारताच्या जंगलात सापडतच नाही, आणि तो जॅझच्या ठेक्यावर नाचत 'मला माणूस व्हायचंय' म्हणून मोगलीच्या मागं लागतो. त्या काळात अमेरिकेत काळी माणसं आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर होती, आणि जॅझ हे त्यांचंच संगीत, मग बघणाऱ्याच्या मनात काय जुळत असेल ते तुम्हीच ठरवा. 'का' नावाच्या अजगराचं बघा, पुस्तकात तो नर आहे आणि मोगलीला सोडवायला मदत करतो, 1967 ला तो खलनायक झाला आणि 2016 ला बाईच्या आवाजात भुलवणारी अजगरीण झाली, हिंदीत तो आवाज प्रियांका चोप्राचा. दुसरी मोठी बाई म्हणजे लांडगी रक्षा, ती आई. आई नाहीतर मोहिनी, मधलं काहीच नाही?

उलटा प्रकारही आहे. डिस्नेची पहिली काळी राजकन्या टियाना 2009 साली आली, आणि सिनेमाचा बराचसा वेळ ती बेडूक म्हणून फिरते. एवढी वाट बघायला लावून मुलींना दाखवलं काय तर हिरवा बेडूक.

पण मंडळी, हे सगळं अमेरिकेचं म्हणून सुटका करून घेऊ नका. आपली चिऊ-काऊची गोष्ट आठवा. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. पाऊस येतो, काळा काऊ भिजत दारात उभा, आणि चिऊ आतून म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते. तो बाहेर, आपण हसतो. शेणाचं घर कुणाचं, दाराबाहेर उभं कुणाला ठेवायचं, हे आपल्या गावांत वेगळं शिकवावं लागत नव्हतं. आणि चिऊ बिचारी गोष्टभर घराबाहेर पडत नाही, आंघोळ, तीट, अंगाई, बास. मी ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकलीय, माझ्या मुलीलाही सांगितलीय, पुढं तिनंच विचारलं की काऊला आत का घेत नाहीत, आणि तेव्हापासून आमच्या घरात चिऊ लगेच दार उघडते.

आणि आवाजाचं आपल्याकडं काय? वर्गात प्राण्यांचं छोटं नाटुकलं बसवलं की सिंहाला आवाज द्यायला पोरं एकदम पुस्तकातली, पुण्याची मराठी काढतात, आणि गाढवाला आवाज द्यायचा तर 'का बे' सुरू, नाहीतर तेलुगू वळणाची मराठी. त्याच वर्गात घरी तेलुगू बोलणारी निम्मी पोरं असतात, तीही हसतात, स्वतःच्या आजीच्या बोलण्याला हसतात! हे त्यांना कुणी शिकवलं नाही, नुसतं ऐकून ऐकून आलंय. म्हणून मी आता आवाज अदलाबदल करायला लावते, सिंह 'का बे'मध्ये गर्जना करतो, पहिल्यांदा हशा होतो, चारपाच तालमींनंतर कुणी हसत नाही, सिंह सिंहच वाटतो.

चित्रासाठी आपल्या नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी घेते. नर गळ्याची पिशवी फुगवून मिरवतो आणि अंडं उबवणं, पिल्लू वाढवणं सगळं मादी एकटी करते. मग सांगते, माळढोकाची आई काढा, पण पापण्या नाहीत, टिकली नाही, रिबन नाही, ती काय करते त्यावरून ती कळली पाहिजे. पोरं डोकं खाजवतात, मग कुणी अंड्यावर पंख पसरलेली काढतं, कुणी पिल्लाला टोळ भरवणारी, आणि फार सुंदर चित्रं येतात.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, मग हे जुने सिनेमे बंदच करायचे का. नाही हो. डिस्नेनं 2020 पासून काही वर्षं अशा काही सिनेमांच्या आधी सूचना दाखवली, की यात काही समाजांचं चुकीचं चित्रण आहे, ते तेव्हाही चूक होतं, आताही आहे. सिनेमा राहिला. घरात ती सूचना आपण द्यायची, शेजारी बसून, पॉज करून, 'हा असा का बोलतोय रे' एवढंच विचारायचं. भाषण नको.

आणि एका दादांनी विचारलं की माझ्या मुलीला गुलाबीच आवडतं, तिला टोकू का. अजिबात टोकू नका! तिला आवडतं ते तिला द्या. 'पॉ पट्रोल'च्या सहा कुत्र्यांत तीन मुली असत्या आणि त्यातली एक गुलाबी असती, तर मी आज तो मुद्दा काढलाच नसता.