लेकराला जुलाब लागले म्हणून अंगावरचं दूध बंद करू नका

नमस्कार मंडळी! नागपुरात मे लागला, पारा ४५ कडे निघाला, आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न येऊन राहिला: "ताई, लेकराला जुलाब आहेत, दूध थांबवू का?"

ओआरएसचं पटकन सांगते. एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यातच, आणि बनवलेलं २४ तासांतच वापरायचं, उरलं तर फेकायचं. डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस, शी घट्ट झाली तरी. झालं.

आता दूध. आईच्या दुधात दीडशेहून जास्त प्रकारच्या साखरेच्या साखळ्या असतात, आणि बाळाला त्या पचतच नाहीत! मग त्या कोणासाठी? बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या जंतूंसाठी. ते त्या खातात, आम्ल बनवतात, आणि त्या आम्लात रोगजंतूंना वाढणं जड जातं. तुम्ही दूध बंद केलं की राखणदारांचाच डबा बंद.

माझा मुलगा पाच महिन्यांचा होता. सासूबाई म्हणाल्या, "दूध बाधलं, आज आरारूटचं पाणी दे." मी दिलं. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, लंगोट कोरडा. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "पाजणं का थांबवलं?" आजही आठवलं की पोटात कालवतं.

बरं, दुधात आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात. ती जंतूंना चिकटतात, आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचू देत नाहीत. बाळाची स्वतःची आयजीए अजून तयार होत असते, तोवर आईचीच. म्हणजे ऐन लढाईत तुम्ही कुमक तोडता!

"पण ताई, पाजलं की लगेच शी करते." अहो, पोट भरलं की आतडं हलतंच! धडधाकट बाळांतही हेच होतं. दूध बाधल्याची ती खूण नाही.

एकीनं लिहिलं, डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, बदलू का? नका बदलू. तान्ह्यांचे बरेचसे जुलाब विषाणूंचे. रोटाव्हायरसवर ते औषध चालतच नाही, मरतात ते आपले बायफिडोवाले. शीमध्ये रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी, पण तेही डॉक्टरच ठरवतील. रोटाची लस मात्र ६, १०, १४ आठवड्यांना पाजून घ्या, सरकारी लसीकरणात ती मोफत आहे.

सहा तास लघवी नाही, डोळे खोल, बाळ मलूल, तर हा व्हिडिओ इथंच बंद करा आणि दवाखाना गाठा. बाळ ओढत असेल तर ऑटोतही पाजत राहा.