हजारोंच्या गर्दीत एकवीस किलोमीटर

नमस्कार श्रोतेहो. पहाटे बडोद्याच्या कमाटीबागेच्या बाजूनं एकट्यानं, फार तर दोघा-तिघांनी मिळून चार महिने सराव केलेला असतो. पाय तयार असतात, दमही तयार असतो. सवय नसते ती हजारो माणसांत धावण्याची. पहिल्यांदा हाफ मॅरेथॉनला नाव देणाऱ्यांची शर्यत बहुधा तिथेच बिघडते.

म्हणून शेवटचे दोन-तीन लांब सराव गटानं करा. मात्र उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, आठ-दहा दिवस झाडांवरून, तारांवरून तुटका मांजा लोंबत असतो आणि अंधारात तो दिसत नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. त्या दिवसांत उजाडल्यावरच बाहेर पडा.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा तुमच्या क्रमांकाचा कागद, मिळाला की त्याची मागची बाजू बघा. चपटी पट्टी दिसली तर ती टायमिंग चिप. बिबाची घडी घातली की तिच्यातली बारीक तार तुटू शकते आणि मग तुमची वेळ नोंदलीच जात नाही. चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिन लावून बिब छातीवर सपाट बसवा. त्यावर रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहायची जागा असेल तर ती आवर्जून भरा. दुसऱ्याच्या बिबावर तर कधीच धावू नका. रस्त्यात चक्कर आली, तर डॉक्टरांच्या हातात दुसऱ्याच कुणाची तरी माहिती पडते. किटमधला कोरा टी-शर्टही त्या दिवशी घालू नका. नव्या शिवणी काखेत घासतात आणि दहा किलोमीटरनंतर कातडी सोलवटते. धुवून वापरलेले कपडे, रुळलेले बूट आणि काखेत, मांड्यांना व्हॅसलीन, एवढं पुरे. आदल्या रात्री वरणभात खा; सेव-उसळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

आता सुरुवातीची रेषा. तासभर आधी पोहोचा, कारण शौचालयाच्या रांगेतच अर्धा तास जातो. उभं राहताना पुढे घुसू नका. तुमची चिप तुम्ही रेषेवरची वेळ नोंदणारी चटई ओलांडता तेव्हा सुरू होते, त्यामुळे मागे उभं राहिल्यानं तुमच्या स्वतःच्या वेळेतलं काही कमी होत नाही. पुढे उभं राहिलात तर मात्र वेगवान माणसं दोन्ही बाजूंनी पुढे जातात, ढोल वाजत असतात, लोक ओरडत असतात आणि पाय आपोआप पळायला लागतात. तेव्हा दम लागत नाही, म्हणूनच ते कळत नाही. त्याची वसुली सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला होते.

हिशेब सांगतो. अडीच तासांत 21.1 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला साधारण 7 मिनिटं 6 सेकंद. पहिले दोन किलोमीटर साडेसात मिनिटांनी धावलात, तर एकूण 48 सेकंद मागे पडाल. उरलेल्या एकोणीस किलोमीटरमध्ये किलोमीटरमागे अडीच सेकंद काढले की ते भरून निघतात. त्यासाठी गर्दीतून नागमोडी वाट काढायची गरज नाही. दर वेळी बाजूला जाऊन पुढे आलात की अंतरही वाढतं आणि शक्तीही जाते.

मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेनं, सर्वांत जवळच्या रेषेनं. गर्दीत ती रेषा आपल्याला मिळत नाही, म्हणून अंतर मोजणाऱ्या घड्याळात 21.3 किंवा 21.4 दिसतं. आयोजकांचं मोजमाप चुकलं असा वाद घालण्यापेक्षा, अडीच तास हवे असतील तर घड्याळावर 7 मिनिटांचा वेग धरा.

पाण्याच्या पहिल्या टेबलापाशी झुंबड असते. थोडं पुढे जाऊन शेवटच्या टेबलावरचा पेला घ्या. कागदी पेला वरून चिमटीत दाबला की त्याला चोच येते आणि पाणी नाकात जात नाही. प्यायचं असेल तर कडेला या, पण एकदम थांबू नका, मागचा आदळतो. प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिणंही धोक्याचं. नुसतंच पाणी खूप झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं दुखतं. तहानेपुरते घोट घ्या आणि अधूनमधून मीठ-साखरेचं पाणी.

शेवटची चटई ओलांडल्यावर घड्याळ बंद करायला तिथेच थांबू नका. मागून माणसं वेगात येत असतात आणि त्यांच्या पायांत थांबायची ताकद उरलेली नसते. दहा मिनिटं चालत राहा, एकदम बसलात तर चक्कर येऊ शकते. सकाळचा वारा गार असतो, म्हणून धावण्याआधी जमा करायच्या पिशवीत वरच्या बाजूला एक कोरडा सदरा ठेवा आणि मेडलचा फोटो काढण्याआधी तो अंगात घाला.