जो आवाज, तेच नाव

मंडळी, आज बोलायचंय ते व्हिएतनामच्या बान्ह सेओबद्दल, म्हणजे तिथल्या कुरकुरीत, भरल्या घावनाबद्दल. 'बान्ह' या शब्दाचा पसारा मोठा. तिथे पावही बान्ह, आणि नववर्षाला पानात बांधून उकडलेला चिकट तांदळाचा चौकोनी गठ्ठा तोही बान्हच. 'सेओ' हा मात्र शब्द कमी आणि आवाज जास्त. तापल्या तेलावर पातळ पीठ पडलं की आपल्याकडे 'चर्र' होतं, त्यांच्याकडे 'सेओ'. व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि या शब्दाचा सूर उतरता आहे. पीठ पसरल्यावर तव्याचा आवाज हळूहळू खाली बसतो ना, अगदी तसा. आवाजावरून नाव पडायची ही करामत आपल्याकडे कुरमुऱ्यांना साधलीय.

हो ची मिन्ह सिटीला लोक अजून सायगॉनच म्हणतात. तिथल्या एका गल्लीत चार-पाच कढया ओळीनं मांडून बसलेली बाई मी बराच वेळ बघत उभा होतो. आधी डुकराच्या मांसाचे पातळ काप आणि कोळंबी. मग पळीभर पीठ. ते पडतं न पडतं तोच कढई उचलून गर्रकन फिरवायची, म्हणजे पीठ कडेला चढून तिथे जाळी पडते. वर शिजवलेली मुगाची डाळ आणि मूठभर मोड. हे मोड आपल्या उसळीसारखे नखाएवढे नसतात, चांगले बोटभर लांब, पांढरेशुभ्र. क्षणभर झाकण, मग कडेनं तेल, आणि कडा कडक झाली की अर्ध्यात दुमडून ताटात.

पिवळा रंग बघून आपली माणसं त्याला ऑम्लेट म्हणतात. तो रंग हळदीचा! तांदळाचं पीठ, पाणी, नारळाचं दूध, हळद; घावनाची बहीणच म्हणा. पण लगेच 'हे आपल्याकडूनच गेलं' असं म्हणू नका. तांदूळ आणि नारळ शेजारी नांदतात तिथे हे कुणालाही सुचेल.

आता खायचं कसं? मी पहिल्यांदा काटा-चमचा मागितला. बाईनं उत्तर दिलं नाही. माझ्या ताटातला तुकडा मोडला, मोहरीच्या रुंद पानावर ठेवला, वर पुदिना आणि जांभळट पेरिलाची दोन पानं, विड्यासारखी गुंडाळी केली, वाटीत बुडवली आणि माझ्या हातात दिली. मोहरीचं पान नाकात जातं, मग कुरकुर, मग आंबटगोड. पाला जास्त आणि घावन कमी, हे प्रमाण सांभाळा. नाहीतर तिसऱ्या घासाला तेलकट लागायला लागतं. आणि फोटो नंतर. मोडांना पाणी सुटतं, थांबलात की ते मऊ पडलंच.

वाटीतलं पाणी म्हणजे 'नुओक माम' या माशाच्या रसात लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची. त्यासाठी फू क्वोक बेटावर छोटे मासे मिठात घालून लाकडी पिंपांत वर्षभर मुरवतात. २०१२ साली युरोपीय संघानं 'फू क्वोक' या नावाला संरक्षण दिलं. वासाला बिचकू नका. ज्यांच्या घरी सुकट भाजतात ते बिचकणारही नाहीत.

मध्य व्हिएतनामात हेच तळहाताएवढं होतं. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात पुराच्या दिवसांत आत 'दिएन दिएन'ची पिवळी फुलं घालतात. ही आपल्या हादग्याच्या कुळातली. हादग्याच्या फुलांची भाजी खाल्लेल्याला तो किंचित कडवटपणा ओळखीचा वाटेल.

मागून प्रश्न आलाय, शाकाहारी मिळतं का? मिळतं. तिथे अनेक बौद्ध घरांत अमावास्या-पौर्णिमेला मांसमच्छी वर्ज्य असते. तेव्हा आत अळंबी आणि टोफू, वाटीत सोयाचा रस. फक्त 'चाय' हा शब्द ऐकून कप पुढे करू नका. चाय म्हणजे शाकाहारी. चहा हवा असेल तर हनोईत 'चा' म्हणा.