72 ची पट्टी: जनुक, हर्पीस आणि अल्झायमर

अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या डीएनएच्या या पट्ट्या पाहा. खाली दिसते ती 72 बेस-जोड्यांची, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या 72 पायऱ्यांची. ती उमटली, म्हणजे या माणसाकडे एपीओई जनुकाचा ई-4 प्रकार आहे. उतारवयातल्या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय घटकांत तो सगळ्यांत वजनदार.

रक्तातून डीएनए काढायचा आणि पीसीआरने, म्हणजे एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, 244 जोड्यांचा तुकडा वाढवायचा. हा भाग डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांनी गच्च भरलेला, धागे सहजी सुटत नाहीत. म्हणून मिश्रणात धागे सोडवायला मदत करणारं डीएमएसओ हे द्रावक, 10 टक्के. मग एचएचए-वन हे विकर. जीसीजीसी दिसेल तिथे ते कापतं. ई-3 या सर्वसाधारण प्रकारात कापल्यावर 91 चा एक तुकडा अखंड राहतो, ई-4 मध्ये तोच 72 आणि 19 असा तुटतो. घाई इथेच नडते. 37 अंशांवर पुरेसा वेळ दिला नाही, तर थोडा 91 न कापता उरतो आणि दोन्ही प्रती ई-4 असलेला माणूस एकाच प्रतीचा वाटतो. प्रकार आधीच ठाऊक असलेला नमुना शेजारच्या रांगेत हवाच.

दुसरा तपास मेंदूच्या ऊतीचा. खोली वेगळी, पिपेट वेगळी. आधीच्या प्रयोगाचा सूक्ष्म तुषारही पीसीआरला खोटा होकार द्यायला पुरतो. नुसत्या पाण्याच्या नळीत पट्टी उमटली, तर सगळी खेप बाद. शोध हर्पीस सिम्प्लेक्स-1 चा: तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोड आणणारा, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसणारा.

मँचेस्टरला रूथ इत्झाकी यांच्या गटाने हे दोन्ही तपास एकत्र मांडले. 1997 चे आकडे: मेंदूत विषाणू सापडलेल्या अल्झायमर रुग्णांत ई-4 चं प्रमाण 52.8 टक्के, न सापडलेल्या रुग्णांत 10, आणि विषाणू असूनही आजार नसलेल्या वृद्धांत 3.6. म्हणजे नुसता विषाणू पुरत नाही. माणसं शंभरही नव्हती, हे खरं. पण एवढी तफावत इतकी वर्षं बाजूला ठेवण्यासारखी नव्हती.

हे रेशमाचं स्पंजासारखं कडं. अशा कड्यावर मानवी चेतापेशी वाढवून अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने 2020 मध्ये त्यांना हर्पीसची लागण केली. काही दिवसांत ॲमिलॉइडच्या, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाच्या, गुठळ्या दिसल्या; व्हॅलासायक्लोव्हिर या हर्पीसवरच्या औषधाने त्या घटल्या.

माणसांवरच्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये आला: अल्झायमरचे 120 रुग्ण, 78 आठवडे, तेच औषध दिवसाला 4 ग्रॅमपर्यंत, फायदा नाही. निवडीत रक्तातली हर्पीसची प्रतिपिंडं पाहिली होती. ई-4 ची अट नव्हती, आणि आजार सुरू झालेला होता.