नोड खाली घेण्याआधी

नमस्कार. विषय वाचून काहींना वाटलं असेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? सर्व्हर बंद करायचा, मेमरीची पट्टी बदलायची, पुन्हा चालू करायचा. एकट्या सर्व्हरपुरतं ते खरंही आहे. तो बंद पडला की सगळ्यांना दिसतं, काम थांबतं, लोक ओरडतात, चालू झाला की विषय मिटतो.

स्टोरेज क्लस्टरची, म्हणजे एकत्र मिळून डेटा साठवणाऱ्या सर्व्हरांच्या गटाची, पंचाईत वेगळी आहे. दहा-बारा सर्व्हरांतला एक, म्हणजे एक नोड, बंद केलात तर बाहेर कुणाला कळतही नाही. व्हर्च्युअल मशीन चालू असतात, फायली उघडत असतात, एकही फोन येत नाही. आत मात्र कितीतरी डेटाची तिसरी प्रत त्या क्षणी नाहीशी झालेली असते. राखीव म्हणून ठेवलेली प्रत तुम्ही तुमच्या सोयीसाठी वापरून टाकलेली असते. माझं आजचं म्हणणं एवढंच की हे भान ठेवून बटण दाबा. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

उदाहरण म्हणून सेफ (Ceph) हे स्टोरेज सॉफ्टवेअर घेतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात तेच असतं. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेज वाइल यांच्या पीएचडीच्या कामातून ते आलं, 2006 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि आज ओपनस्टॅक, प्रॉक्समॉक्स, कुबरनेटीस या व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर चालवणाऱ्या प्रणालींखाली ते ठिकठिकाणी चालतं. दुसरी प्रणाली वापरत असाल तर आज्ञा बदलतील, विचार बदलणार नाही.

सेफमध्ये साधारणपणे प्रत्येक डिस्कमागे एक प्रोग्राम चालतो, त्याला ओएसडी म्हणतात. हे ओएसडी दर सहा सेकंदांच्या आत एकमेकांना हाक मारत असतात. 20 सेकंद ओ आली नाही की शेजारी मॉनिटरकडे, म्हणजे क्लस्टरची अवस्था सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, तक्रार करतो. दोन वेगवेगळ्या सर्व्हरांवरून तशी तक्रार आली की तो ओएसडी 'डाउन' ठरतो. डाउन म्हणजे बोलत नाही, एवढंच. त्याच्या वाट्याचा डेटा अजून त्याचाच मानला जातो. पण 600 सेकंद, म्हणजे दहा मिनिटं, तो तसाच राहिला तर मॉनिटर त्याला 'आउट' करतात. आउट म्हणजे हा आता येत नाही, याच्या वाट्याच्या प्रती दुसरीकडे तयार करा.

आता हिशेब करा. भरपूर मेमरी असलेला सर्व्हर नुसता पोस्ट व्हायलाच, म्हणजे सुरू होताना स्वतःची तपासणी करायलाच, पाच-सात मिनिटं खातो. मदरबोर्ड बदलायचा असेल तर दहा मिनिटांत झाकणाचे स्क्रूसुद्धा निघत नाहीत. म्हणजे तुम्ही तिकडे पेचकस शोधत असता आणि इकडे क्लस्टरने बारा डिस्कांचा डेटा नव्याने उभा करायला घेतलेला असतो. नेटवर्क भरतं, बाकीच्या डिस्कांवर ताण येतो, आणि तासाभराने सर्व्हर परत आला की उलट दिशेने डेटा पुन्हा हलायला लागतो. दोन्ही वेळची हमाली फुकट.

म्हणून 'नोआउट'. घराबाहेर पडताना रात्री उशीर होईल असं सांगून गेलात तर कोणी पोलीस चौकीत जात नाही. नोआउट म्हणजे तेवढंच सांगणं. ओएसडी डाउन होतील, पण आउट होणार नाहीत. आज्ञा एका ओळीची आहे: 'सेफ ओएसडी सेट नोआउट'. बहुतेक जण इथे थांबतात, आणि मला तेच खटकतं. ही आज्ञा अख्ख्या क्लस्टरला लागू होते. तुम्ही सातव्या नोडवर काम करताय आणि तेवढ्यात तिसऱ्या नोडमधली एक डिस्क खरोखरच मेली, तर? तिच्या प्रती कोणी तयार करणार नाही, कारण 'कोणालाही आउट करू नका' असं तुम्हीच सांगून ठेवलंय. अलीकडच्या आवृत्त्यांत 'सेट-ग्रुप' आहे. 'सेफ ओएसडी सेट-ग्रुप नोआउट' लिहून पुढे त्या एकाच होस्टचं, म्हणजे नोडचं, नाव द्या. बाकीचं क्लस्टर जागं राहतं. कामाची पद्धत म्हणून ही एकच गोष्ट आज घेऊन गेलात तरी मला चालेल.

नोआउटबद्दल आणखी एक गैरसमज आहे की तो लावला म्हणजे आता काहीही बंद करायला हरकत नाही. नोआउट हा नुसता निरोप आहे, परवानगी नव्हे. परवानगीसाठी वेगळी आज्ञा आहे: 'सेफ ओएसडी ओके-टू-स्टॉप', पुढे ज्या डिस्का जाणार त्यांचे क्रमांक. तीन प्रतींच्या पूलमध्ये, म्हणजे डेटाच्या कप्प्यात, 'साइज' तीन आणि 'मिन-साइज' दोन असतो. दोनपेक्षा कमी प्रती उरल्या की सेफ त्या भागावरचं वाचन-लेखन थांबवतं. ओके-टू-स्टॉप हेच तपासतं: या डिस्का आत्ता गेल्या तर एखादा प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे एकत्र साठवलेल्या डेटाचा गट, मिन-साइजच्या खाली जाईल का? इरेजर कोडिंगमध्ये पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि जोडीला काही जादा तुकडे ठेवतात. समजा चार अधिक दोन, तर मिन-साइज पाच असतो. एक होस्ट गेला तर पाच तुकडे उरतात आणि काम चालतं. दुसरा गेला तर चार उरतात. चारांतून डेटा गणिताने परत मिळू शकतो, पण कडेवर उभं राहून नवं लिहिणं नको म्हणून सेफ हात आखडता घेतं.

एक ध्यानात ठेवा, हे उत्तर त्या क्षणापुरतं असतं. सकाळी 'हो' आलं होतं म्हणून दुपारी नोड खाली घेऊ नका. आणि 'हो' म्हणजे सेवा थांबणार नाही एवढंच. धोका नाही असा त्याचा अर्थ नाही. दोन प्रतींवर असताना तिसऱ्याच नोडची डिस्क गेली तर तिच्यावरचे काही ग्रुप एका प्रतीवर येतात आणि अडकून बसतात. ज्यांनी जागा वाचवायला साइज दोन आणि मिन-साइज एक ठेवलाय, त्यांनी नोड काढायच्या आधी बॅकअप तपासावा. त्यांच्यासाठी याहून सौम्य सल्ला माझ्याकडे नाही.

काढण्याची परवानगी माणसाने घ्यायची की हत्याराने, याबद्दल एक मोठा दाखला आहे. 28 फेब्रुवारी 2017. ॲमेझॉनच्या एस-थ्री या स्टोरेज सेवेची बिलिंग प्रणाली मंद चालली होती. तिथल्या एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या प्लेबुकनुसार थोडे सर्व्हर काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतली एक नोंद चुकीची पडली आणि ठरवले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यांत वस्तूंची सूची सांभाळणाऱ्या उपप्रणालीचे आणि नव्या डेटाची जागा ठरवणाऱ्या उपप्रणालीचे सर्व्हर होते. दोन्ही पूर्ण रीस्टार्ट कराव्या लागल्या. उत्तर व्हर्जिनियाच्या त्या विभागाला सकाळी 9:37 पासून दुपारी 1:54 पर्यंत, अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार, फटका बसला, आणि त्याच्याबरोबर इंटरनेटचा केवढा तरी भाग आडवा झाला. कंपनीने नंतर स्वतःच लिहिलं की मोठ्या विभागांमध्ये त्या उपप्रणाली कित्येक वर्षांत पूर्ण रीस्टार्टच केलेल्या नव्हत्या, त्यामुळे अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा उपाय. 'यापुढे नीट टाइप करा' असं परिपत्रक त्यांनी काढलं नाही. हत्यार बदललं. सर्व्हर सावकाश निघतील असं केलं, आणि कुठलीही उपप्रणाली किमान क्षमतेच्या खाली जाणार असेल तर हत्यारच नकार देईल असं केलं. सेफॲडम या सेफच्याच व्यवस्थापन साधनाची 'मेंटेनन्स एंटर' ही आज्ञा याच वळणाची आहे. ती आधी ओके-टू-स्टॉप विचारते, त्या होस्टपुरता नोआउट लावते आणि सेवा शिस्तीत थांबवते. तिने नकार दिला तर 'फोर्स' लावायची सोय आहे. ती सोय ज्याच्या बोटांत बसली, त्याने बाकीचं सगळं वाया घालवलं.

शिस्तीत थांबवण्याला अर्थ आहे. नीट थांबवलेला ओएसडी मॉनिटरला सांगून जातो आणि त्याची कामं लगेच दुसऱ्या प्रतींकडे वळतात. वीज ओढून काढलीत तर वीसेक सेकंद शेजारी वाट बघत बसतात आणि तेवढा वेळ त्या भागावरचं लेखन लटकतं. डेटाबेसवाल्यांना वीस सेकंद म्हणजे युग. त्या नोडवर मॉनिटर असेल तर तेही मोजा: तिनांपैकी दोघांचं बहुमत लागतं, म्हणजे एक खाली घेतल्यावर दुसऱ्याने खोकून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष रॅकसमोर. डिस्क बदलायची असेल तर सर्वांत जुना घोळ म्हणजे चांगली डिस्क ओढणं. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यांच्यावर विसंबू नका. स्मार्टसीटीएल या आज्ञेने सिरियल नंबर काढा, कागदावर लिहा, त्या खणाचा दिवा लुकलुकवा, आणि ट्रे अर्धी बाहेर आली की लेबलवरचा नंबर कागदाशी ताडून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुसरं, नुसता कर्नल बदलायचा असेल तर रीबूट करा, वीज पूर्ण तोडू नका. वर्षानुवर्षं फिरत असलेल्या डिस्का थंड झाल्यावर कधी कधी पुन्हा फिरतच नाहीत. वीज तोडायचीच असेल तर एखादी डिस्क परत येणार नाही असं धरून चाला, आणि सुटी डिस्क हाताशी ठेवा.

आणि आता नोड परत आणणं. याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, आणि निम्मी भानगड इथेच होते. बहुतेक ठिकाणी बटण दाबलं की सर्व्हर उठतो, ओएसडी आपोआप सुरू होतात, आणि माणूस चहाला जातो. माझा आग्रह असा की हार्डवेअर बदललं असेल तर ओएसडी आपोआप सुरू होऊ देऊ नका. आधी नुसती मशीन उठू द्या आणि दोन गोष्टी बघा.

पहिली, घड्याळ. नवा मदरबोर्ड आला, किंवा जुन्याचा सेल संपला, की घड्याळ कुठल्या तरी भलत्याच वर्षात असतं. मॉनिटरांच्या घड्याळांत 0.05 सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तरी सेफ कुरकुर करतं. वर्षांचा फरक असेल तर ओळखपत्रंच पटत नाहीत. वेळ जुळवणारा प्रोग्राम क्रोनी चालू आहे का आणि वेळ जुळली का, हे आधी बघा.

दुसरी, नेटवर्क. हा प्रकार इतका फसवा आहे की सविस्तर सांगतो. क्लस्टरच्या नेटवर्कवर बहुधा जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पाकिटं, असतात. एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, 9000 बाइट. कार्ड बदललं, किंवा केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात गेली, आणि तिथे एमटीयू 1500 राहिला. तुम्ही पिंग करता, उत्तर येतं. एसएसएच चालतं. सगळं आलबेल. ओएसडी सुरू करता आणि गोंधळ सुरू होतो, कारण लहान पाकिटं जातात आणि मोठी वाटेत गडप होतात. ओएसडी वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो, शेजारी त्याच्याविरुद्ध आणि तो शेजाऱ्यांविरुद्ध तक्रारी करतो. एक आजारी नोड सगळ्या क्लस्टरचा वेळ खातो. बंद नोडपेक्षा असा अर्धवट जिवंत नोड जास्त त्रास देतो. तेव्हा साध्या पिंगवर समाधान मानू नका. 'पिंग -एम डू -एस 8972' असं प्रत्येक शेजाऱ्याला करा. 9000 मधून आयपीच्या 20 आणि आयसीएमपीच्या 8 बाइट वजा केल्या की 8972 उरतात. 'डू'मुळे पाकिटाचे तुकडे होत नाहीत. हे उत्तर आलं तर रस्ता खरा मोकळा.

मग ओएसडी सुरू करा. प्रत्येक प्लेसमेंट ग्रुपने मधल्या काळात काय काय बदललं याची नोंदवही ठेवलेली असते. अनुपस्थिती थोडकी असेल तर नोंदवही बघून फक्त बदललेल्या वस्तू आणल्या जातात, आणि हे काम झपाट्याने होतं. पण नोंदवहीला मर्यादा असते. नोड फार वेळ बाहेर राहिला किंवा लेखन प्रचंड झालं तर जुनी पानं गेलेली असतात, आणि मग अख्खा ग्रुप ताडून बघावा लागतो, त्याला बॅकफिल म्हणतात. डिस्क पूर्ण नवी असेल तर सगळाच डेटा भरायचा असतो. 20 टेराबाइट, सेकंदाला 100 मेगाबाइट धरले तर दोन लाख सेकंद, म्हणजे पंचावन्न तासांहून जास्त. मॅनेजरला 'रविवारी रात्री होऊन जाईल' असं सांगण्याआधी हा भागाकार करा.

आणि सगळे ग्रुप 'ॲक्टिव्ह प्लस क्लीन', म्हणजे सगळ्या प्रती पूर्ण आणि ताज्या, होईपर्यंत पुढच्या नोडला हात लावायचा नाही. ओएसडी नुसते 'अप' दिसले म्हणून पुढे जाणं ही सर्रास दिसणारी घाई आहे. अप आहे, पण त्याच्याकडच्या प्रती अजून शिळ्या आहेत. मी पाहिलेल्या कितीतरी स्क्रिप्टांत दोन नोडांच्या मध्ये 'स्लीप 300' असतं. पाच मिनिटांत रिकव्हरी होईल हे त्या स्क्रिप्टला कोणी सांगितलं? थांबायचं ते अवस्था बघून, घड्याळ बघून नव्हे. त्या होस्टचा नोआउटही तेव्हाच काढायचा, आणि काढायचाच. नोआउट असेपर्यंत सेफ दाखवतं ती 'हेल्थ वॉर्न'ची पिवळी ओळ रोज दिसायला लागली की आठवड्याभरात ती दिसेनाशी होते.

राहिला प्रश्न अख्खं क्लस्टर बंद करण्याचा, इमारतीच्या विजेचं काम वगैरे निघालं तर. आधी वापरणारे थांबवा: व्हर्च्युअल मशीन, माउंट केलेल्या फाइल सिस्टिम. मग हेल्थ ठीक असताना नोआउट, नोबॅकफिल, नोरिकव्हर, नोरीबॅलन्स, नोडाउन आणि शेवटी पॉज हे फ्लॅग लावा, म्हणजे डेटाची हलवाहलव आणि वाचन-लेखन थांबेल. मग ओएसडीचे नोड, आणि सर्वांत शेवटी मॉनिटर. चालू करताना आधी स्विच, मग मॉनिटर आणि त्यांचं बहुमत, मग ओएसडी, सगळे वर आल्यावर फ्लॅग उलट क्रमाने काढायचे.

हे करण्याआधी एकदा शोधून ठेवा की तुमचा डीएनएस (नावांवरून पत्ते देणारा सर्व्हर), वेळेचा सर्व्हर आणि पासवर्डांची तिजोरी कुठे राहतात. त्यांच्या व्हर्च्युअल मशीन याच क्लस्टरवर असतील तर क्लस्टर उठायला ते हवेत आणि ते उठायला क्लस्टर हवं. ॲमेझॉनलासुद्धा त्या दिवशी सेवा बंद असल्याचं स्वतःच्या फलकावर सुमारे दोन तास लिहिता आलं नाही, कारण फलक बदलायचं साधन एस-थ्रीवरच अवलंबून होतं. तुमच्या पायऱ्यांची विकी या क्लस्टरवर असेल तर आदल्या दिवशी ती पानं छापून घ्या, आणि मॉनिटरांचे आयपी पत्ते पेनाने वर लिहा. आता प्रश्न घेऊया.