गव्हाणीची खूण

(दृश्य: चुनखडीची जुनी गव्हाण, अगदी जवळून.)

दगडाचा एक ठोकळा, वरून छिन्नीने कोरून खोलगट केलेला. येशूच्या जन्मभूमीत, यहूदियाच्या डोंगराळ मुलखात, चांगलं लाकूड दुर्मीळ आणि चुनखडी मात्र पायाखालीच, त्यामुळे गव्हाण बऱ्याचदा अशीच असायची. जड, थंड, जागची न हलणारी. तिच्यात वैरण टाकायची आणि गुरांनी तोंड घालून खायची. तळाशी चुरा उरतो, काठाला लाळ सुकते. माणसाचं मूल निजवण्याची ही जागा नव्हे. निदान दुसरी जागा मिळत असेल तर नव्हेच.

येशूच्या जन्माची हकिगत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात फार थोडक्यात येते. प्रत्यक्ष जन्माला तर तिथे दोनच वचनं आहेत. तरीही दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनापासून सोळाव्यापर्यंत गव्हाणीचा उल्लेख तीनदा होतो. पहिल्यांदा, मरिया आपल्या पहिल्या बाळाला बाळंत्यात गुंडाळून तिथे ठेवते तेव्हा. दुसऱ्यांदा, रानात मेंढरं राखणाऱ्यांना देवदूत सांगतो तेव्हा. तिसऱ्यांदा, ते मेंढपाळ घाईघाईने येऊन बाळाला पाहतात तेव्हा.

या तिन्हींतला दुसरा उल्लेख नीट ऐकायला हवा. देवदूत आधी तीन मोठ्या पदव्या उच्चारतो: तारणारा, ख्रिस्त, प्रभू. मग म्हणतो, तुम्हाला खूण अशी, की बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं एक बाळ तुम्हाला सापडेल. आता, बाळंत्यात तर गावातलं प्रत्येक तान्हं मूल गुंडाळलेलं असणार. त्यावरून कुणाला काय ओळखू येणार? वेगळं काही असेल तर ती गव्हाण. म्हणजे देवाने आपल्या पुत्राची ओळख पटवण्यासाठी प्रभावळ निवडली नाही, सिंहासन निवडलं नाही, राजवस्त्रही नाही. निवडली ती गुरांच्या चाऱ्याची जागा. ख्रिस्ती श्रद्धा या खुणेपाशी दोन हजार वर्षं थांबलेली आहे.

(दृश्य: टेकडीच्या उतारावरची दगडी घरं.)

नाताळच्या देखाव्यात आपण जे पाहतो त्यातलं बरंचसं लूकने लिहिलेलं नाही. त्याच्या मजकुरात गोठा हा शब्द नाही. दार लावून घेणारा खाणावळवाला नाही. बैल नाही, गाढव नाही. तो फक्त इतकंच सांगतो की त्यांना उतरायला जागा नव्हती. त्या काळच्या साध्या घरांत माणसं आणि गुरं पुष्कळदा एकाच छपराखाली राहत, गुरं खालच्या भागात आणि माणसं थोड्या उंचवट्यावर. म्हणून कित्येक अभ्यासकांना वाटतं की योसेफ आणि मरिया गर्दीने भरलेल्या एखाद्या घरातच होते आणि बाळ ठेवायला मोकळी अशी एवढीच जागा उरली होती. दुसरी परंपरा गुहेची. दुसऱ्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिन बेथलेहेमजवळच्या गुहेचा उल्लेख करतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतातच असं नाही, कारण त्या भागात गुहेला लागून घर बांधण्याची आणि मागच्या गुहेत गुरं बांधण्याची पद्धत होती.

बैल आणि गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून. त्याच्या पहिल्याच अध्यायात देवाची तक्रार आहे: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझी प्रजा मला ओळखत नाही. हे वचन ख्रिस्ती लोकांनी बेथलेहेमशी जोडलं आणि ही दोन जनावरं चित्रात कायमची येऊन उभी राहिली. चौथ्या शतकातल्या काही दगडी शवपेट्यांवर तर मरियाही नाही, योसेफही नाही. कोरलेलं आहे ते गव्हाणीतलं बाळ आणि त्याच्याकडे पाहणारी दोन जनावरं. चित्रात काय काय वगळता येईल याचा त्या कारागिरांनी विचार केला असेल, तर गव्हाण त्यांना वगळता आली नाही.

(दृश्य: बेथलेहेमच्या आग्नेयेला, शंकूसारखी एकटी टेकडी.)

ही टेकडी म्हणजे हेरोडियम. बेथलेहेमपासून अंतर सुमारे 5 किलोमीटर. त्या काळचा यहूदियाचा राजा हेरोद याने इथे किल्ला आणि राजवाडा बांधला, भोवती भराव घालून टेकडीला हा आकार दिला. पायथ्याशी बागा, स्नानगृहं आणि वाळवंटाच्या तोंडाशी एक विशाल तलाव, ज्यात दुरून पाणी आणलं होतं. 2007 साली पुरातत्त्वज्ञ एहुद नेत्झर यांना याच टेकडीच्या उतारावर हेरोदाच्या थडग्याचे अवशेष सापडले. बेथलेहेमच्या परिसरातून मान वर केली की हा डोंगर दिसतो. रात्री मेंढरं राखणाऱ्यांनाही तो दिसत असणार. राजाचा जन्म झाला असं कुणी सांगितलं, तर पावलं तिकडे वळणं साहजिक होतं. खूण दिली नसती तर ते बहुधा तिकडेच गेले असते.

त्या हेरोदाच्याही वर रोमचा सम्राट, कैसर औगुस्त. लूक आपली गोष्ट त्याच्याच नावाने सुरू करतो, कारण त्याच्या हुकमाने नावनोंदणी होते आणि त्यासाठी नासरेथचा सुतार आपल्या वाग्दत्त वधूला घेऊन बेथलेहेमला येतो. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने या प्राचीन नगरात इ.स.पू. 9 च्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला आहे. औगुस्ताचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवार्तेचा आरंभ होय, असं त्यात म्हटलं आहे. त्याला तारणारा म्हटलं आहे, देव म्हटलं आहे. हीच भाषा लूकने उचलली आणि साम्राज्याच्या मध्यावरून काढून एका खेड्यातल्या चाऱ्याच्या कुंडीपाशी ठेवली. मला लूकचं सगळ्यात मोठं धाडस इथे दिसतं. कैसराची त्याने निंदा केली नाही. फक्त त्याचा हुकूम नोंदवला, आणि पुढे देवाचं काम कुठे घडलं ते सांगितलं.

त्याच्या काही पानं आधी मरियेचं स्तोत्र आहे. अधिपतींना देवाने सिंहासनांवरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. ही अंगाईची भाषा नव्हे. आणि ती गाणाऱ्या मुलीच्या घरची परिस्थितीही लूक एका लहानशा तपशिलातून कळवतो. बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणासाठी मंदिरात कोकरू अर्पण करायचं असा नियमशास्त्राचा दंडक होता, आणि कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालत. लूकने इथे पक्षीच नोंदवले आहेत.

(दृश्य: जुन्या हस्तलिखिताची पानं.)

हा गरीब जन्म सगळ्यांना पटला असं नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने ख्रिस्ती मंडळींची टर उडवली ती याच मुद्द्यावर. खेड्यात जन्मलेला, सूत कातून पोट भरणाऱ्या एका गरीब बाईचा मुलगा, तो देव कसा? इ.स. 248 च्या सुमाराला ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेन यांनी सेल्ससला सविस्तर उत्तर दिलं. त्यात त्यांनी गरिबी नाकारली नाही, आईला थोरामोठ्यांच्या घरची ठरवलं नाही. उलट, ज्याला कुळ, पैसा, शिक्षण यांपैकी कशाचंही पाठबळ नव्हतं त्याने सारं जग हलवलं, ते कशाच्या बळावर, असा प्रश्न त्यांनी सेल्ससपुढे ठेवला.

त्याआधी कितीतरी वर्षं प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं होतं की ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीला कवटाळून न राहता स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. करिंथच्या मंडळीला लिहिलं की तो धनवान असता तुमच्यासाठी दरिद्री झाला. ख्रिस्ती श्रद्धेत गव्हाणीचं महत्त्व इथे कळतं. गरिबीत जन्मून पुढे मोठ्या झालेल्या माणसांच्या कथा जगात पुष्कळ आहेत, पण ही कथा त्यांतली नाही. इथे खाली येणं हेच देवाच्या स्वभावाचं दर्शन मानलं आहे, आणि ते पुढे वधस्तंभापर्यंत तसंच चालू राहतं. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) चर्चमधल्या प्रतिमांत चित्रकार गव्हाण मुद्दाम शवपेटीसारखी काढतात आणि बाळंतं कफनासारखं. संत ऑगस्टीन यांनी आणखी एक धागा जोडला: जिथे अन्न ठेवतात तिथे तो ठेवला गेला आणि आमचं अन्न झाला. प्रभुभोजनाची भाकर हातात घेणाऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

(दृश्य: इटलीतली डोंगरउतारावरची वस्ती, ग्रेच्चो.)

1223 सालचा नाताळ. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोमधल्या जॉन नावाच्या एका सरदाराला सांगून ठेवलं होतं की त्या बाळाला किती गैरसोय सोसावी लागली ते मला या डोळ्यांनी पाहायचं आहे. त्याप्रमाणे गव्हाण आणली, गवत आणलं, एक बैल आणि एक गाढव आणून उभं केलं. गावकरी मशाली घेऊन आले. गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी, झाला आणि फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन वाचलं. त्यांचे चरित्रकार थॉमस चेलानो लिहितात की ग्रेच्चोचं जणू नवं बेथलेहेम झालं. आज घरोघरी मांडले जाणारे देखावे याच रात्रीची आठवण सांगतात. फक्त एक फरक लक्षात ठेवावा. फ्रान्सिस यांना सुंदर देखावा नको होता, त्यांना ते खरखरीत गवत हवं होतं.

(दृश्य: बेथलेहेम, जन्मस्थानाचं चर्च. लहानसं दार.)

सम्राट कॉन्स्टन्टाईन यांच्या काळात गुहेवर पहिलं चर्च उभं राहिलं, त्याचं समर्पण इ.स. 339 मध्ये झालं. आज दिसतं ते बरंचसं सहाव्या शतकातलं. दाराची उंची सुमारे 1.2 मीटर. भिंतीत नीट पाहिलं तर आधीच्या मोठ्या दाराची तुळई दिसते, तिच्याखाली क्रुसेडच्या काळातली कमान, आणि तीही बुजवून ठेवलेलं हे भोक. घोड्यांवरून आणि गाड्या घेऊन कुणी आत घुसू नये म्हणून ते लहान केलं, असं सांगतात. यात्रेकरू त्याला विनम्रतेचं दार म्हणतात, कारण वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही.

खाली गुहेत संगमरवरात चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवलेला आहे. 1847 मध्ये तिथला तारा चोरीला गेला. या जागेवर हक्क कुणाचा, यावरून ख्रिस्ती पंथांत आधीच तेढ होती, ती आणखी चिघळली आणि 1853 साली पेटलेल्या क्रिमियन युद्धाच्या कारणांत हा वादही गणला जातो. ज्याला जागा मिळाली नाही अशा बाळाच्या जन्माच्या जागेसाठी हे व्हावं, याचं दुःख ख्रिस्ती माणसाला झालंच पाहिजे.

पण ही भूल जुनी आहे. बायबलचे लॅटिन अनुवादक संत जेरोम इ.स. 386 मध्ये बेथलेहेमला येऊन राहिले आणि 420 मध्ये इथेच वारले. त्यांच्या एका नाताळच्या प्रवचनात खंत आहे की मातीची गव्हाण काढून आम्ही तिथे चांदीची ठेवली, मान द्यावा म्हणून. पण जी काढून टाकली तीच मला अधिक मोलाची वाटते. चांदी देणाऱ्यांना मी दोष देत नाही, असंही ते म्हणतात.

(दृश्य: चर्चच्या बाजूच्या गुहा, जेरोम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या.)

जेरोम यांच्यासोबत रोमच्या बड्या घराण्यातल्या पॉला याही इथे आल्या होत्या. त्यांनी आपली संपत्ती बेथलेहेममध्ये खर्च केली. मठ बांधले, आणि वाटसरूंसाठी रस्त्याच्या कडेला एक उतारशाळा बांधली. का, ते जेरोम यांनी लिहून ठेवलं आहे: मरिया आणि योसेफ यांना उतरायला जागा मिळाली नव्हती म्हणून. 404 साली पॉला गेल्या तेव्हा लेकीसाठी मागे उरलं ते कर्ज. सहा वर्षांनी रोम लुटलं गेलं आणि एकेकाळचे श्रीमंत लोक नेसत्या वस्त्रानिशी समुद्र ओलांडून बेथलेहेमपर्यंत पोचले. जेरोम तेव्हा यहेज्केलच्या ग्रंथावर भाष्य लिहीत होते. लेखणी खाली ठेवून ते आलेल्यांच्या राहण्याखाण्याची सोय पाहू लागले.