पितळी पलंग आणि न हसलेली मैत्रीण

नमस्कार श्रोतेहो. आज मी एका ब्रिटिश विनोदी चित्रपटाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव ‘द नॅक अँड हाउ टू गेट इट’. नॅक म्हणजे हातोटी. 1965 साली हा चित्रपट आला तेव्हा नव्या चालीच्या मंडळींत त्याचा मोठा बोलबाला झाला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि विनोदी चित्रपटाला तो मान मिळणे ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती, आजही आहे. साठ वर्षांनंतर तो कसा दिसतो, हा माझ्या बोलण्याचा विषय आहे.

दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर मूळचे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे, पण त्यांची कारकीर्द घडली लंडनमध्ये. बीबीसी रेडिओवरच्या ‘गून शो’ या विनोदी कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचलेले पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन यांच्याबरोबर त्यांनी 1959 साली जेमतेम अकरा मिनिटांचा एक लघुपट केला होता. जाहिराती केल्या होत्या, आणि 1964 साली बीटल्सना घेऊन ‘अ हार्ड डेज नाइट’ केला होता. साठीच्या दशकातल्या ब्रिटिश पडद्यावरच्या विनोदाचे मूळ रेडिओत आहे, असे माझे ठाम मत आहे. मी रेडिओवरून बोलतो आहे म्हणून हे म्हणत नाही. घोड्यांच्या टापा ऐकवून पुढच्याच क्षणी आगगाडी आणायची, ही उडी आधी कानाने घेतली आणि मग डोळ्याने.

कथा लहान आहे. कॉलिन नावाचा लाजाळू शिक्षक पश्चिम लंडनमधल्या एका घरात राहतो. त्याचा भाडेकरू टोलेन याला मुली वश करण्याची हातोटी साधली आहे. पहिल्याच प्रसंगात टोलेनच्या जिन्यावर सारख्याच पांढऱ्या स्वेटरमधल्या मुलींची रांग लागलेली दिसते. याच चित्रपटात पुढे नावारूपाला आलेल्या जेन बर्किन, शार्लट रॅम्पलिंग आणि जॅकलिन बिसेट क्षणभर दिसून जातात. तिसरा टॉम, त्याला आपली खोली संपूर्ण पांढरी रंगवायची आहे. आणि परगावाहून लंडनला आलेली, मुक्कामासाठी जागा शोधणारी नॅन्सी. ही भूमिका रीटा टशिंगहॅम यांनी केली आहे. मूळ नाटक ॲन जेलिको या लेखिकेचे असून ते 1962 साली लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात झाले, आणि तिथेही नॅन्सी टशिंगहॅमच होत्या. मूळ नाटक एका स्त्रीने लिहिलेले आहे, हे श्रोत्यांनी लक्षात ठेवावे.

कॉलिनला वाटते की आपल्याला मोठा पलंग हवा. म्हणून तो आणि टॉम भंगारातून एक भलामोठा पितळी पलंग घेतात, आणि नॅन्सीसह तिघे तो लंडनमधून घरी आणतात. चाकांवरून ढकलत, अल्बर्ट हॉलजवळच्या पायऱ्यांवरून आपटत, थेम्स नदीच्या पाण्यावरून तरंगत. वाटेत वयस्कर माणसे त्यांच्याकडे रोखून पाहतात, आणि या माणसांच्या तोंडी नापसंतीचे शेरे घातलेले आहेत.

आता मी पुण्याकडे येतो. सत्तरीच्या दशकात आमच्या एका फिल्म सोसायटीने या चित्रपटाची 16 मिलिमीटरची प्रत एका शनिवारी रात्री दाखवली. आम्ही तिघे मित्र आणि आमच्याबरोबर शिकणारी एक मैत्रीण असे चौघे गेलो होतो. सभागृह हसून हसून दणाणून गेले. विनोदी चित्रपट गर्दीतच पाहावा, एकट्याने पाहिलेला विनोद अर्धाच पोहोचतो, हे तेव्हापासूनचे माझे मत आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे जुन्या बाजाराचा दिवस. आमच्यातल्या एकाने सदाशिव पेठेतल्या वाड्यात नुकतीच खोली घेतली होती आणि त्याला खाट हवी होती. आदल्या रात्रीचा पलंग आमच्या डोक्यात होताच. आम्ही चौघे जुन्या बाजारात गेलो, बराच वेळ घासाघीस करून एक लोखंडी खाट घेतली आणि हातगाडीवर चढवली. खाट गाडीपेक्षा लांब होती, त्यामुळे एकाने पुढून ओढायची, एकाने मागून ढकलायची आणि एकाने खाट धरून चालायचे, अशी वाटणी झाली. मैत्रीण पुढे जाऊन वाट मोकळी करीत होती. शनिवारवाडा मागे टाकून आम्ही अप्पा बळवंत चौकात आलो, तिथे सायकलींच्या गर्दीत गाडी तिरकी झाली आणि खाटेचा एक पाय एका पुस्तकाच्या दुकानाच्या फळीला लागला. दुकानदार रागावले नाहीत. त्यांनी स्वतः येऊन सुतळीने खाट घट्ट बांधून दिली. शनिपाराशी मैत्रिणीच्या चपलेचा अंगठा तुटला. रस्ता तापलेला होता. आम्ही तिला म्हणालो, “अगं, बस खाटेवर,” आणि ती बसली. चित्रपटातल्यासारखीच, पाय खाली सोडून, हातात तुटकी चप्पल घेऊन, मोठ्याने हसत.

तिथून वाड्यापर्यंतचा रस्ता फार तर दहा मिनिटांचा होता, आणि त्या दहा मिनिटांत किती माणसे बोलली, ते मला आजही आठवते. एक बाई खिडकीतून म्हणाल्या, “शोभतं का हे?” दोन माणसे दुकानाच्या पायरीवर उभी राहून आमच्याकडे बोट दाखवीत राहिली. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला थांबवून विचारले, “अरे, ही कोणाची मुलगी?” त्यांनी तिला विचारले नाही, आम्हाला विचारले. आणि आम्ही तिघे कोणाचे मुलगे, हे त्या संपूर्ण वाटेवर कोणीही विचारले नाही. मैत्रीण खाटेवरून उतरली आणि उरलेली वाट अनवाणी चालली.

खोलीत खाट टेकवून आम्ही चहा घेत बसलो आणि चित्रपटाचा विषय पुन्हा निघाला. तेव्हा ती म्हणाली, “काल शेवटी शेवटी मी हसले नाही.”

तिने सांगितलेला प्रसंग असा आहे. बागेत टोलेन नॅन्सीच्या अंगावर येतो. ती बेशुद्ध पडते. शुद्धीवर आल्यावर ती म्हणते, माझ्यावर बलात्कार झाला. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. मग ती हा शब्द रस्त्यातून, दारोदार ओरडत जाते. एका दारात एक बाई तिला फेरीवालीला सांगावे तसे सांगते की आज नको. शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी हशा अपेक्षित आहे.

आम्ही तिघांनी वाद घातला. हा प्रहसनाचा प्रकार आहे, तिला काही झालेले नाही हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, उलट त्या शब्दाच्या जोरावर तीच तिघांवर वरचढ ठरते, असे सारे आम्ही बोललो. ती ऐकत राहिली आणि मग एवढेच म्हणाली, “ती दारोदार सांगत होती आणि कोणी ऐकून घेत नव्हतं. खरं की खोटं हे ठरायच्या आधीच तुम्ही हसलात.”

श्रोतेहो, हे वाक्य मी पुन्हा म्हणतो. खरे की खोटे हे ठरायच्या आधीच तुम्ही हसलात. आम्हाला उत्तर सुचले नाही.

गेल्या वर्षी हा चित्रपट मी पुन्हा पाहिला. माझ्यासोबत घरातली तरुण मुले होती. छायालेखक डेव्हिड वॉटकिन यांचा तो चुन्यासारखा पांढरा प्रकाश, जॉन बॅरी यांचे संगीत, रीटा टशिंगहॅम यांचे सगळे टिपणारे मोठे डोळे, हे आजही ताजे आहे. पलंगाच्या प्रवासाला मुले मनापासून हसली. टोलेनची व्याख्याने त्यांना लांबलेली वाटली, आणि बागेनंतर खोलीत कोणीच हसले नाही. टोलेन हा चित्रपटाच्या थट्टेचाच विषय आहे, असा बचाव करता येतो आणि तो निम्मा खराही आहे. पण जिन्यावरच्या त्या मुलींना एकही वाक्य दिलेले नाही, आणि ती थट्टा टोलेनची नव्हे. असे प्रसंग जुन्या चित्रपटांतून कापून टाकावेत, असे म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. कापला तर सभागृह तेव्हा कशाला हसत होते, हे कोणाला कळणार नाही.

चित्रपट काळाबरोबर जुना झाला असे आपण सहज म्हणतो. मला ते म्हणणे अपुरे वाटते. त्या शनिवारी, त्याच हशाच्या मधोमध, माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक माणूस हसत नव्हता. चित्रपट तिच्यासाठी त्या दिवशीही असाच होता. तिच्यासारख्या सभागृहात आणखी कितीजणी होत्या, हे आम्ही वळून पाहिले नाही, आणि हशाच्या आवाजात त्यांचे गप्प राहणे ऐकू येणे शक्य नव्हते.

चित्रपट पाहून झाल्यावर मी तिला दूरध्वनी केला. ती आता नाशिकला असते. मी तिला मुलांविषयी सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, “ते पलंग नदीवरून नेतात, ते अजून तितकंच सुंदर वाटतं का रे?” मी म्हणालो, तितकेच सुंदर आहे. ती म्हणाली, “मग मला तेवढं एकदा पुन्हा बघायचंय.”